बेडूकमाशाचा बेडूक होताना

बेडकाचं जीवनचक्र आपण सगळ्यांनी शाळेच्या वहीत काढलेलं आहे. एक वर्तुळ, त्यावर अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा, शेपटीचा छोटा बेडूक, मोठा बेडूक, आणि मधे बाण. चित्र बरोबरच आहे, पण खरी घडामोड त्या बाणांत असते. यंदा घरामागच्या उघड्या टाकीत बेडकीने अंडी घातली, तेव्हा मी ठरवलं की या वेळी बाणच बघायचे. रोज सकाळी आणि रात्री टाकीपाशी बसायचं, हातात भिंग आणि शेजारी वही. बेडूकमासा मोठा होऊन बेडूक होतो असं आपण सहज म्हणून जातो. मला दिसलं ते असं, की पाण्यातला एक शेवाळ खाणारा जीव जवळजवळ सगळा मोडला जातो आणि त्याच मालातून जमिनीवरचा शिकारी उभा राहतो. हे सगळं तो जिवंत असताना, हृदय एकदाही न थांबता.

सुरुवात आवाजापासून झाली. नर ओरडतो तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं असतं. फुप्फुसांतली हवा स्वरयंत्रातून घशाखालच्या पिशवीत जाते आणि परत फुप्फुसांत येते, म्हणून पाण्यात बसूनही त्याला ओरडता येतं. बॅटरीच्या उजेडात जोडी दिसली ती नर मादीच्या पाठीवर बसलेला अशी. मादी ठळकपणे मोठी, नराने तिला मागून काखेखाली घट्ट धरलेलं. विणीच्या हंगामात नराच्या पुढच्या पायाच्या आतल्या बोटाशी खरखरीत गादी तयार होते, ती याच पकडीसाठी. मादी अंडी सोडत जाते आणि त्याच वेळी नर त्यांवर शुक्राणू सोडतो, म्हणजे फलन शरीराबाहेर, पाण्यात होतं. आज हे साधं वाटतं, पण अठराव्या शतकात इटलीच्या लाझ्झारो स्पालान्झानी यांनी नर बेडकांना कापडी चड्ड्या घालून त्याचा पुरावा दिला होता. चड्डी घातलेल्या नराशी जोडी जमलेल्या मादीची अंडी वाढली नाहीत.

सकाळी पाण्यात वाकलेल्या गवताच्या काडीला धरून अंड्यांचा पुंजका होता. त्यातला लहानसा भाग मी टाकीचंच पाणी भरलेल्या पसरट काचेच्या भांड्यात घेतला, बाकी सगळा जिथल्या तिथे राहू दिला. अंड्याला कवच नसतं. मादीच्या शरीरातून बाहेर पडताना त्याभोवती पातळ थर असतात, ते पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा पारदर्शक गोळा होतो. आतलं अंडं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, वरून काळं आणि खालून फिकट. खालच्या बाजूला बलक असतो म्हणून ती जड. वरच्या काळ्या रंगाने उन्हातल्या अतिनील किरणांपासून संरक्षण मिळतं. मी काडीने तो पुंजका हलकेच उलटा केला आणि थांबले. थोड्या वेळात एकेक अंडं आपल्या गोळ्याच्या आत सावकाश फिरलं आणि काळी बाजू पुन्हा वर आली. फलन झाल्यावर अंड्याभोवतीचं आवरण सुटं होतं, म्हणून ते असं फिरू शकतं. फलन झालंय का हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

पेशींची पहिली विभागणी बघायला रात्रभर जागावं लागलं असतं. प्रयोगशाळांमध्ये ज्या झेनोपस बेडकावर जगभर काम होतं, त्यात फलनानंतर साधारण दीड तासात अंड्यावर पहिली चीर उमटते आणि नंतर दर अर्ध्या तासाला पेशी दुप्पट होत जातात. मी पाहिलं तेव्हा काळ्या बाजूवर बारीक पेशींची जाळी झाली होती आणि फिकट बाजूच्या पेशी अजून मोठ्या होत्या, कारण बलक विभागणीच्या आड येतो. त्यानंतर जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. गोल अंडं जरा लांबट झालं आणि त्याच्या पाठीवर दोन वळ्या उठल्या, मधे खाच. दोन्ही वळ्या कलत कलत एकमेकींकडे आल्या आणि मिटल्या. मिटलेल्या त्या नळीचाच पुढे मेंदू आणि चेतारज्जू होतो. आपल्या स्वतःच्या शरीरातही हे असंच घडलेलं असतं, पण आईच्या पोटात, कुणाला न दिसता. इथे ते साध्या भिंगाखाली उघड्यावर चाललं होतं. त्याच सुमाराला गर्भ गोळ्यात हळूहळू गोल फिरत असतो. अजून एकही स्नायू काम करत नसतो. कातडीवरचे अतिसूक्ष्म केस पाणी ढकलतात, त्याने तो फिरतो.

अंडी कधी फुटणार हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. उष्ण पाण्यात एक-दोन दिवस पुरतात, थंड प्रदेशात दोन-तीन आठवडेही लागतात. बाहेर येणारं पिल्लू अजून अर्धवट असतं. त्याचं तोंड उघडलेलं नसतं. डोक्याच्या खालच्या बाजूला एक चिकट ग्रंथी असते, तिने ते गवताला किंवा काचेला चिकटून लोंबकळत राहतं आणि पोटातल्या बलकावर जगतं. या दिवसांत त्यांना खायला घालायचं नाही. घातलं तर ते नुसतं कुजतं आणि पाणी खराब होतं.

मानेच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे फुटलेले बाहेरचे कल्ले थोडाच काळ टिकतात, म्हणून एका मैत्रिणीचा सूक्ष्मदर्शक मी आधीच मागून आणला होता. पाण्याच्या थेंबात पिल्लू ठेवलं आणि उजेड नीट पडला तेव्हा कल्ल्याच्या एकेका फांदीत रक्तपेशी एकामागोमाग सरकताना दिसल्या. आपल्या तांबड्या पेशींपेक्षा बऱ्याच मोठ्या, लंबगोल, आणि त्यांत केंद्रक असतं. हृदयाच्या ठोक्यागणिक रांग पुढे उसळते, क्षणभर मंदावते, पुन्हा उसळते. नंतर शेपटीच्या पातळ पडद्यातही हेच बघता आलं. ॲण्टनी लेव्हनहूक यांनी 1688 साली बेडूकमाशाच्या शेपटीतच रक्त बारीक नळ्यांमधून वळून परत जाताना पाहिलं होतं. त्याआधी 1661 मध्ये मार्चेल्लो मालपिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या सापडल्या होत्या. धमनीतलं रक्त नीलेत कुठून जातं या प्रश्नाचं उत्तर माणसाला बेडकाने दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

मग कातडीची एक घडी पुढून मागे सरकते आणि कल्ले झाकून टाकते. आत नवे कल्ले काम करू लागतात, आणि पाणी बाहेर जायला बहुतेक जातींत एकच छिद्र उरतं, तेही डाव्या कुशीला. खात्री करायला मी ड्रॉपरने शेवाळाच्या हिरवट पाण्याचा थेंब एका बेडूकमाशाच्या तोंडाशी सोडला. पाणी तोंडातून आत गेलं आणि डाव्या बाजूने हिरवट धार बाहेर आली. उजवीकडे काही नाही. श्वास घ्यायचा आणि पाण्यातले खाण्याचे कण गाळून घ्यायचे, ही दोन्ही कामं त्याच एका प्रवाहात होतात.

बेडूकमाशाचं तोंड बघायचं असेल तर काचेवर शेवाळ धरू द्यावं आणि बाहेरून भिंग लावावं. मधे काळी चोच, वर-खाली बारीक दातांच्या ओळी, भोवती मांसल ओठ. हे दात हाडाचे नसतात, केरॅटिनचे असतात, म्हणजे आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याचे. ओठ काचेला टेकतात, दातांच्या ओळी रोवल्या जातात, चोच मिटते आणि शेवाळात एक स्वच्छ रेघ उमटते. शेवाळ पचायला वेळ लागतो, त्यामुळे आतडं खूप लांब असतं. पोटाच्या पारदर्शक कातडीतून ते घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं दिसतं. याला इतकं महत्त्व मी का देते आहे ते पुढे कळेल, कारण ही चोच, हे दात आणि हे वेटोळं यातलं फारसं काही बेडकात उरत नाही.

बेडूकमासा फक्त कल्ल्यांनी श्वास घेतो असं आपण शिकतो, पण बहुतेक जातींत फुप्फुसं फार लवकर तयार होतात. पिल्लं मधूनच झपकन वर येऊन परत जात होती. अगदी लहान पिल्लांना पाण्याचा पृष्ठताण फोडता येत नाही. ती पृष्ठभागाला खालून तोंड लावतात, पाण्याचा पापुद्रा आत ओढून हवेचा बुडबुडा तोंडात घेतात, हवा फुप्फुसांत ढकलतात आणि उरलेला बुडबुडा सोडून देतात. ही रीत 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी नीट चित्रित करून मांडली. ती एकदा माहीत झाली की बघायला साधे डोळे पुरतात, पृष्ठभागावर तरंगणाऱ्या इवल्या बुडबुड्यांवरून कळतं.

नंतर बराच काळ नुसतं खाणं आणि वाढणं. वहीत त्या पानांवर पाण्याच्याच नोंदी जास्त आहेत. नळाचं ताजं पाणी क्लोरीनमुळे चालत नाही, थोडं थोडं पाणी बदलायचं, गर्दी होऊ द्यायची नाही. गर्दीत वाढ खुंटते हे भांड्यातल्या आणि टाकीतल्या पिल्लांची तुलना केल्यावर स्पष्ट दिसत होतं. मग शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन फिकट टिंबं आली. मागच्या पायांचे कोंब. टिंबाचा दांडा, दांड्याचं वल्हं, वल्ह्याच्या कडेला खाचा आणि खाचांतून पाच बोटं, अशा क्रमाने पाय घडतो. बेडूकमाशाच्या विकासाच्या 46 पायऱ्यांचा एक तक्ता केनेथ गोस्नर यांनी 1960 साली प्रसिद्ध केला, तो अजून जगभर वापरतात. त्यातल्या मधल्या बऱ्याचशा पायऱ्या मागच्या पायावरूनच ओळखायच्या असतात. वयावर तिथे काहीच अवलंबून नाही. एकाच पुंजक्यातली भावंडं माझ्याकडे वेगवेगळ्या पायऱ्यांवर होती.

या सगळ्याची किल्ली थायरॉइड ग्रंथीत आहे. 1912 मध्ये फ्रीडरिख गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याच्या थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले आणि ते वेळेच्या फार आधी, अगदी चिमुकले असतानाच बेडूक होऊ लागले. पुढे उलट प्रयोगही झाला. ग्रंथी काढून टाकलेले बेडूकमासे वाढतच राहिले, पण बेडूक झाले नाहीत. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की रक्तातून सगळीकडे तोच संदेश जातो आणि पायाच्या पेशी तो ऐकून वाढतात, शेपटीच्या पेशी तो ऐकून मरतात. शेपटीचा तुकडा धडावर बसवला तरी तो वेळ आली की विरघळतो. डोळा शेपटीवर बसवला तर भोवतालची शेपटी विरत जाते, डोळा मात्र शाबूत राहतो. उत्तर प्रत्येक पेशीत आधीच लिहिलेलं असतं.

पुढचे पायही मागच्यांबरोबरच घडत असतात, पण कल्ल्यांवरच्या झाकणाखाली, म्हणून दिसत नाहीत. बाहेर येण्याआधी कातडीखाली कोपराचा उंचवटा हलताना दिसतो. डावा हात बहुधा पाणी सोडणाऱ्या त्या छिद्रातूनच बाहेर येतो, उजव्याला कातडी फाडून वाट काढावी लागते. आणि एकदा का पुढचे पाय बाहेर पडले, की कळसाचे दिवस सुरू होतात. मी भांड्यात उतरता दगड ठेवला होता, त्यावर ते येऊन अर्धे पाण्यात, अर्धे बाहेर असे बसू लागले.

या दिवसांत ते काही खात नाहीत, कारण खायला तोंडच नसतं. चोच आणि दात गळून पडतात आणि जबडा नव्याने बांधला जातो. तोंडाचा कोपरा दिवसागणिक मागे सरकतो. आधी तो नाकपुडीच्याही पुढे असतो, मग नाकपुडी आणि डोळ्याच्या मधे, मग डोळ्याखाली, शेवटी डोळ्याच्या मागे. शेवटच्या पायऱ्या गोस्नर यांनी याच खुणेवर ठरवल्या, आणि भिंगाखाली ती इतकी स्वच्छ दिसते की सकाळची आणि रात्रीची नोंद वेगळी यावी. आतडं आखडतं. झेनोपसमध्ये ते मूळ लांबीच्या साधारण एक चतुर्थांश उरतं. कल्ले जिरतात. हिमोग्लोबिनसुद्धा बदलतं. पाण्यातल्या अपुऱ्या प्राणवायूला घट्ट धरणारं जातं आणि फुप्फुसांतल्या हवेला जमणारं येतं. बेडूकमासा अमोनिया थेट पाण्यात सोडतो, जमिनीवर तसं करून भागत नाही म्हणून यकृत युरिया तयार करू लागतं. पाण्यातली हालचाल टिपणारी अंगावरची संवेदी बिंदूंची ओळ बहुतेक बेडकांत नाहीशी होते.

शेपटी गळून पडते असं अनेकांना वाटतं. ती गळत नाही, आत घेतली जाते. पेशी स्वतःला संपवतात, विकरं तंतू विरघळवतात आणि त्यातून सुटलेला माल रक्तातून शरीरात परत जातो. उपाशी दिवसांची शिदोरी तीच. रोज सकाळी शेपटी आखूड, जाड आणि गडद झालेली असायची. हाच सगळ्यात धोक्याचा काळ. पोहायला शेपटी पुरत नाही, उडी मारायला पाय पुरते तयार नाहीत. कल्ले गेल्यावर जमिनीला टेकता आलं नाही तर हा पाण्यातला जीव पाण्यातच बुडून मरतो. भांड्यातले काही या टप्प्यात दगावले. टाकीच्या सरळ उभ्या भिंतींचा विचार करून मी आत एक फळी तिरकी लावली, तिच्यावर रात्री इवले बेडूक चढताना दिसायचे.

अनेक वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावलेला बेडूक उघडला होता. दोन अलिंद आणि एक निलय असलेलं तीन कप्प्यांचं हृदय, तीन भागांचं यकृत, मूत्रपिंडांवरची पिवळी चरबीची बोटं, सगळ्या आकृत्या पाठ होत्या. पण छातीला बरगड्या का नाहीत हा प्रश्न तिथे पडला नव्हता. आता नखाएवढा बेडूक दगडावर बसलेला बघताना पडला. त्याच्या घशाखालची कातडी सारखी धडधडते. तोंडाचा तळ खाली जातो, नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटतात, तळ वर येतो आणि हवा फुप्फुसांत ढकलली जाते. छाती फुगवून हवा ओढायची पद्धतच नाही, त्यामुळे बरगड्यांचा पिंजरा आणि छाती-पोटामधला पडदा दोन्ही लागत नाहीत. बेडूकमासा तोंडाच्या तळाने कल्ल्यांवर पाणी ढकलायचा, त्याच हालचालीवर आता हवा ढकलली जाते.

असंच शेपटीचंही. ती पूर्ण जाते असं बाहेरून दिसतं, पण बेडकाच्या पाठीच्या टोकाला, मणक्यांच्या अखेरीस, एक लांब सरळ हाड असतं. शेपटीच्या मुळाकडचे भाग एकत्र जुळून ते बनतं. बसलेल्या बेडकाच्या पाठीला जो उंचवटा दिसतो, तिथे कंबरेचं हाड मणक्याला जोडलेलं असतं आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांमधे हे हाड असतं. पुढच्या पायाची दोन हाडं एक झालेली, मागच्या पायाच्या नळीचीही एक झालेली, घोट्याची हाडं लांबून पायाला आणखी एक सांधा मिळालेला. सगळं उडीच्या आणि पडण्याच्या हिशेबाने.

फळांवर येणारी चिलटं भांड्यात सोडली तेव्हा पहिली शिकार पाहिली. चिलट स्थिर बसलं की बेडकाला त्याचं काही नसतं, चाललं की डोकं वळतं. जीभ पुढच्या टोकाला जोडलेली आणि मागे सुटी असते, म्हणून ती उलटून बाहेर फेकली जाते. जीभ अतिशय मऊ असते, आणि लाळ आदळताना पातळ होऊन भक्ष्यावर पसरते, मग पुन्हा घट्ट होते. गिळताना बेडूक डोळे मिटतो ते उगाच नाही. डोळे टाळूतून खाली दाबले जातात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. पाणी तो तोंडाने पीत नाही, ओल्या दगडावर पोट टेकवून कातडीतून शोषतो. त्याच कातडीतून तो श्वासही घेतो. म्हणूनच त्याला हात लावायचाच असेल तर हात आधी नुसत्या पाण्याने ओला करावा. साबण, मलम, डास पळवायचं तेल लागलेला हात कधीच नको.

आणि म्हणूनच कातडीचा रोग त्याच्यासाठी जीवघेणा असतो. 1999 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली कायट्रिड बुरशी केरॅटिनवर वाढते. बेडूकमाशाच्या अंगात केरॅटिन फक्त चोचीत आणि दातांत असतं, त्यामुळे बुरशी तोंडापुरती राहते आणि तो धडधाकट दिसतो. रूपांतर होताना सगळ्या अंगावर केरॅटिनचा थर येतो, बुरशी तिथे पसरते, कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि नुकताच जमिनीवर आलेला बेडूक हृदय बंद पडून मरतो. या बुरशीने अनेक जाती संपवल्या आहेत. 2023 च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या दर पाचांपैकी दोन जाती धोक्यात आहेत.

हे वाचून कुणाला बेडूकमासे पाळून बघावेसे वाटले, तर आधी आपल्याकडचा कायदा बघा, अनेक देशांत अंडी हलवायलाही बंदी आहे. परवानगी असेल तर थोडीच अंडी घ्या, आणि वाढलेले बेडूक जिथून अंडी आणली त्याच पाण्याकाठी सोडा, दुसऱ्या तळ्यात नाही. माझे सगळे त्याच टाकीच्या कडेला, ओल्या पालापाचोळ्यात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडले. भांडं, जाळी आणि दगड धुऊन उन्हात खडखडीत वाळवले, कारण ती बुरशी कोरडेपणात तग धरत नाही.